डोक्यावरून आणलेलं माहेर

लग्नाच्या दिवशी सासरच्या बायकांनी माझं नाव बदललं. त्यात नवल काही नव्हतं, आमच्याकडे सगळ्याच मुलींचं बदलतात. सकाळी मी पुसेलेत्सो होते, संध्याकाळी मा-कामोहेलो झाले. कामोहेलोची आई. हे माझ्या आजेसासऱ्यांचं नाव. त्याचा अर्थ स्वागत. मला जे पहिलं मूल होईल त्याचं हेच नाव असणार, मुलगा असो की मुलगी, हे त्या दिवशीच ठरून गेलं.

मूल मात्र तीन वर्षं आलं नाही.

त्या तीन वर्षांत आमच्या राजधानीच्या, म्हणजे मासेरूच्या, बाजारातली भाजीवाली, चर्चमधल्या बायका, बसमध्ये शेजारी बसलेली कुणीही मला एका अजून नसलेल्या माणसाच्या नावाने हाक मारायची. हाक आली की मी वळायचे आणि हसायचे. फक्त माझा नवरा मोत्लात्सी घरात मला 'पुसे' म्हणायचा. का, ते त्याने कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मी तेव्हा एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करत होते. दिवस गेलेत का हे तेव्हा काचपट्टीवर पाहायचे. लघवीचा थेंब, त्यात औषधाचे दोन थेंब, आणि पट्टी हळूहळू हलवत राहायची. गुठळ्या दिसल्या तर नाही. काहीच झालं नाही तर हो. एका सकाळी मी माझीच पट्टी हलवत बसले आणि काहीच झालं नाही. औषध खराब झालं असेल म्हणून दुसरी बाटली फोडली. तरीही काही झालं नाही. मग मी शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या न्ताते मोखेलेंकडे, म्हणजे मोखेलेबाबांकडे, त्यांचा नमुना मागितला.

"कशाला?" ते म्हणाले.

"तुलनेसाठी."

ते उठून गेले आणि बाटली भरून घेऊन आले. त्यांच्या पट्टीवर भराभर गुठळ्या झाल्या. त्यांनी माझ्या पट्टीकडे पाहिलं, स्वतःच्या पट्टीकडे पाहिलं आणि म्हणाले, "चला, मला दिवस गेलेले नाहीत. बायकोला सांगतो, सुटली बिचारी."

संध्याकाळी मी मोत्लात्सीच्या दुकानात गेले. तो रेडिओ दुरुस्त करायचा. एका उघड्या रेडिओत तो नाक खुपसून बसला होता.

"मी चाचणी केली," मी म्हटलं. "तीनदा."

"कसली?"

मी सांगितलं. तारांना डाग द्यायची हातातली तापलेली सळई त्याने टेबलावरच ठेवली. लाकूड जळल्याचा वास आला तरी त्याला कळलं नाही.

"तीनदा केलीस? म्हणजे तिळं?"

मग तो इतका हसला की रेडिओची मालकीण बाहेरून विचारायला आली, माझ्या रेडिओत एवढं काय सापडलं म्हणून.

आनंद फार झाला, पण तो माझ्या हातात टिकायचा नाही. प्रयोगशाळेत निरोगी माणसांचं रक्त सहसा येत नाही. माझ्यासमोर रोज ज्या गरोदर बायकांचे नमुने यायचे त्या काही ना काही कारणाने आजारी असायच्या. शेकडो बायका घरी बसून खुशाल बाळंत होत होत्या, पण त्यांच्या नावाची बाटली माझ्या टेबलावर कधी येत नव्हती. हे मला कळत होतं. तरी दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली कुणाच्या तरी फिकट तांबड्या पेशी पाहिल्या की माझंही रक्त कमी झालं नाही ना म्हणून मी स्वतःच्या पापण्या आरशासमोर उलटून बघायचे. बाजारात बायका खाण्याची पांढरी माती विकायला बसत. मला तिचा वास लांबूनच यायचा आणि तोंडाला पाणी सुटायचं. मातीत जंत असतात हे मी स्वतः पाहिलेलं. मी ती विकत घ्यायचे, तव्यावर खरपूस भाजायचे आणि मग खायचे.

सासूबाईंच्या सूचना वेगळ्या होत्या. अंडं खायचं नाही. आतडी खायची नाहीत. आणि दारात उभं राहायचं नाही.

"दारात कशाला रेंगाळतेस गं? आत ये नाहीतर बाहेर जा. आई दारात थांबली की मूलही दारात थांबतं."

"आई, त्याचा काही संबंध नसतो," मी म्हणायचे.

"नसेना का. दाराबाहेर जाऊन सांग मला संबंध नसतो ते."

मी बाहेर जायचे. विज्ञानाची पदवी घेतलेली मी, पण त्या नऊ महिन्यांत एकदाही दारात उभी राहिले नाही.

सातव्या महिन्यात सासूबाईंनी मला नवं घोंगडं पांघरलं आणि डोंगरावर माझ्या माहेरी आणून सोडलं. पहिलं बाळंतपण आईच्याच घरी व्हायचं, याला आमच्याकडे दुसरा पर्याय नसतो. बस जिथे संपते तिथे माझा मामा सेआबाता दोन घोडी घेऊन उभा होता. निघताना मोत्लात्सीने मला एक छोटा रेडिओ दिला होता. वर दरीत त्यावर खरखरीशिवाय काही ऐकू यायचं नाही, पण मी तो रोज लावायचे.

माझ्या आईचं नाव मा-खोत्सो. आमच्या घरात खोत्सो नावाचं कुणी नव्हतं. मीच थोरली. लहानपणापासून कानावर पडलेलं नाव माणूस उलगडून बघत नाही. जरा मोठी झाल्यावर मला ते जाणवलं, पण माझ्या स्वतःच्याच नावाचा अर्थ 'भरपाई' असा आहे, आणि असं नाव आमच्याकडे कुठल्या मुलाला ठेवतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून मी विचारलं नाही. आईनेही सांगितलं नाही.

ती माझी वाट बघत होती ते घराकडे पाहूनच कळत होतं. भिंती नव्याने लिंपल्या होत्या, ओल्या मातीत बोटांनी नक्षी ओढली होती. जमीन शेणाने सारवलेली. वाळलेल्या गोवऱ्यांची चळत छपरापर्यंत पोचलेली. भिंतीला एक लांब वेत टेकवून ठेवला होता. घरात बाळंतीण असली की दारावरच्या गवती छपरात असा वेत खोचतात. तो दिसला की पुरुषमाणूस आत येत नाही.

"इतक्या आधी कापून ठेवलास?" मी म्हटलं.

"तळ्याकाठचे चांगले वेत लोक नेतात," आई म्हणाली. "शिवाय तीन वर्षं मी तो वेत बघून ठेवला होता."

त्या थंडीचे पहिले आठवडे मला आजही जसेच्या तसे आठवतात. सकाळी आई आंबवलेल्या ज्वारीची पातळ, आंबट पेज करायची आणि मी वाटीभर पिऊन होईपर्यंत समोर बसून राहायची. दुपारी आम्ही दोघी भिंतीला पाठ लावून उन्हात बसायचो. बाळ लाथ मारायचं. आई माझ्या पोटाकडे न बघता म्हणायची, "उठली वाटतं स्वारी." मी शिकायला शहरात गेले त्यानंतर आम्ही दोघी इतके दिवस एकत्र राहिलोच नव्हतो. आता ते अंगण नाही, भिंतही नाही. पण मला ऊन म्हटलं की तेच आठवतं.

दवाखाना नदीपलीकडे होता, घोड्यावरून अर्ध्या दिवसाची वाट. मी दोनदा तपासून आले. नर्स लिमाकात्सो माझ्याच वयाची, धिप्पाड, मोठ्या आवाजाची. पोटावर लाकडी नळी ठेवून ती ठोके ऐकायची. पहिल्या वेळी नळी बेंबीच्या वर गेली आणि तिथेच थांबली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"वर ऐकू येताहेत," मी म्हटलं.

"तुला कसं कळलं?"

"तुम्ही नळी खाली नेली नाहीत."

"शिकलेल्या बाईला तपासणं म्हणजे ताप," ती म्हणाली. "डोकं वर आहे. फिरेल अजून. बरीच फिरतात."

दुसऱ्या वेळीही डोकं वरच होतं. या वेळी ती थट्टा न करता बोलली. "पायाळू आहे. पहिलटकरीण आहेस. घरी बाळंत व्हायचं नाही. इथे बायकांना राहायला खोली आहे, पुढच्या आठवड्यात येऊन राहा. अडलंच तर बिनतारीवरून निरोप देते, आभाळ मोकळं असेल तर विमान येतं."

"आणि नसेल तर?"

"नसेल तर मी आहे. पण तुझ्या घरी मी नाही."

परतताना सगळी वाट मी मनात वाक्यं जुळवत होते. शंभरातली तीन-चार मुलं अशी असतात. त्यातली बहुतेक नीट जन्मतात. सगळ्यात शेवटी डोकं यायचं असतं, आणि तिथे जर ते अडकलं तर हातात मिनिटं असतात, तास नाहीत. हे सगळं मला आईला सांगायचं होतं, आणि त्या लिंपलेल्या भिंतींसमोर सांगायचं होतं. पदवी मिळाली म्हणून रीतीला नाक मुरडते, असं तिला वाटेल. त्याहून वाईट म्हणजे ती काही म्हणणार नाही आणि मान हलवेल.

आई चुलीवर मक्याचं पीठ घोटत होती. मी घोंगडं न काढताच बसले.

"आई, बाळाचं डोकं वर आहे."

तिचा हात थांबला. घोटायचं थांबवलं की पीठ लगेच खाली लागतं, हे तिनेच मला शिकवलं होतं.

"पाय खाली?"

"बूड खाली. म्हणजे बघ, त्याचं असं असतं की..."

"कळलं मला."

पीठ करपलं. ती तसंच बघत राहिली. मग भांडं उतरवून म्हणाली, "जेव आणि झोप."

सकाळी मला जाग आली तेव्हा तिने बोचकं बांधून ठेवलं होतं. तीन पायांचं लोखंडी भांडं, पेजेच्या पिठाची पिशवी, चटई, दोन घोंगडी. सगळं एकावर एक रचून तिने डोक्यावर चढवलं, आणि हातात तो वेत घेतला.

"आई, कुठे?"

"तुझं बाळंतपण करायला. ऊठ. सेआबाता घोडं आणतोय."

"पण घर? तू एवढं सगळं..."

"घर इथेच राहील. मी जिथे आहे ते तुझं माहेर. आता बोलत बसू नकोस, उजाडलं."

मी घोड्यावर होते, ती शेजारून चालत होती. मामा बराच पुढे शीळ घालत होता. नदीच्या उतारावर, मान जराही न हलवता, ती बोलायला लागली.

"खोत्सो पायाळू होता. माझ्या आईच्या घरी. सगळं रीतीप्रमाणे झालं, काही चुकलं नाही. दारावर वेत खोचायची वेळच आली नाही."

मी लगाम ओढला.

"थांबवू नकोस घोडं," आई म्हणाली. "पाण्यात पाय ठेवायच्या आत ते थांबलं की अडून बसतं."

मी घोडं पाण्यात घातलं. नदी ओलांडल्यावर तिने मामाला ओरडून सांगितलं, शीळ बेसूर आहे, बंद कर.

दवाखान्याच्या मागच्या लांब खोलीत आमच्यासारख्या आणखी काही बायका होत्या. त्यांची पुढारी मा-सेचाबा. तिची ही पाचवी खेप. आमचं सामान बघून ती उठून बसली आणि आईला, थोरल्या बाईला म्हणतात तसं, 'म्मे' म्हणत ओरडली.

"अगं बाई, ही तर सगळा संसार घेऊन आली! म्मे, कोंबड्या मागून येताहेत का?"

"कोंबड्या नाहीत," आई म्हणाली. "तुला पेज हवी असेल तर वाटी आण."

मा-सेचाबाने वाटी आणली. त्या दिवसापासून कोपरा आईचा झाला. तिने बाहेरून तीन दगड आणून चूल मांडली, चटई घातली, आणि वेत उशाशी ठेवला. लिमाकात्सो कमरेवर हात ठेवून बघत होती.

"म्मे मा-खोत्सो, खोलीत चूल पेटवायची नाही. आणि हे काय? इथलं छप्पर पत्र्याचं आहे, वेत खोचणार कुठे?"

"तू मूल काढ. वेताचं मी बघते."

त्या खोलीतले दिवस मजेत गेले असं मी म्हटलं तर कुणाला खरं वाटणार नाही. बाहेर शिखरांवर बर्फ होतं, आत सगळ्यांच्या घोंगड्यांना धुराचा वास. बायका माझ्या पोटावर हात ठेवून बाळाला फिरायला सांगायच्या, आर्जवाने, मग रागाने. मा-सेचाबा पोटाला तोंड लावून ओरडायची, "कामोहेलो! अरे बाबा, दार खाली आहे!" मी त्यांना रेडिओ लावून द्यायचे. एकदा खरखरीतून अचानक कुणाचं तरी गाणं आलं, तेव्हा सगळ्या पोटुश्या उभ्या राहून नाचल्या, आणि लिमाकात्सो धावत आली, कोण पडलं म्हणून.

आई नाचली नाही. ती झोपतही नव्हती. कधीही डोळे उघडले की ती भिंतीला टेकून बसलेली दिसायची.

ढग दरीत उतरले त्या सकाळी माझ्या कळा सुरू झाल्या. लिमाकात्सोने बिनतारीवर निरोप दिला. उत्तर आलं ते मला तिने सांगितलं नाही, पण खिडकीबाहेरचं झाड मला दिसत नव्हतं, म्हणजे विमानालाही दरी दिसणार नव्हती.

तिने आईला बाहेर काढलं. नियमच होता. दार लोटताना मला आईचा आवाज ऐकू आला. ती बायकांना दटावत होती, "दारात गर्दी करू नका. सरका. सगळ्या सरका."

दुपारपर्यंत कळा वाढत गेल्या. लिमाकात्सो सारखी एकच गोष्ट सांगत होती, "मी सांगेपर्यंत जोर करायचा नाही." मला कारण माहीत होतं. माहीत असण्याचा काही उपयोग झाला नाही. शेवटी ती म्हणाली, "आता," आणि बाळाचं बूड आलं, मग पाय, मग पोट. ती हात न लावता बघत होती. हेच बरोबर आहे, ओढायचं नसतं, हेही मला माहीत होतं. खांदे आले. मग काहीच झालं नाही.

काहीच न होणं म्हणजे किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. लिमाकात्सोचा मोठा आवाज एकदम लहान झाला. "पुसेलेत्सो," ती म्हणाली. माझं हे नाव तिला कार्डावरून माहीत असणार. "या कळेला सगळं दे. मागे काही ठेवू नकोस."

मी दिलं. तिने बाळाचे पाय धरून वर उचलले, आणि डोकं आलं.

बाळ निळसर होतं आणि गप्प होतं. लिमाकात्सो त्याची पाठ चोळत होती. दाराबाहेर एवढ्या बायका होत्या, पण एकीचाही आवाज येत नव्हता. मग एक खोकल्यासारखा आवाज झाला, आणि त्याच्या मागोमाग रडणं.

"मुलगी!" लिमाकात्सो दाराकडे तोंड करून ओरडली. "म्मे मा-खोत्सो, मुलगी आहे!"

"नंतर सांग," बाहेरून आई म्हणाली. "आधी मला ऐकू दे."

आणि ती ऐकत राहिली. कामोहेलोने चांगलं पोटभर रडून घेतलं.

बाकीचं सगळं मागाहून झालं. आईने वेत पन्हळीच्या नळीला चिंध्यांनी बांधला. तो पाहून दवाखान्यात लाकडं टाकणाऱ्या न्ताते सेलोने आत पाऊल ठेवायला साफ नकार दिला, आणि आठवडाभर लिमाकात्सो स्वतः मोळ्या वाहत आईला बोल लावत होती. मामा घोड्याने आणि मग बसने मासेरूला गेला. मुलगा झाला तर बापाला काठीचा फटका द्यायचा, मुलगी झाली तर अंगावर पाणी ओतायचं, एवढंच करायचं असतं, बोलायची गरज नसते. मामाने दुकानात शिरून मोत्लात्सीच्या डोक्यावर बादली उपडी केली. समोर उघडे पडलेले चार रेडिओही न्हाले. मोत्लात्सी ते नंतर वर्षभर दुरुस्त करत होता आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला कारण सांगत होता.

पण त्या दुपारी यातलं काही झालेलं नव्हतं. ढग तसेच होते. लिमाकात्सोने मला पुसून स्वच्छ करून आईच्या कोपऱ्यात आणून झोपवलं आणि बाळ आईच्या मांडीवर दिलं. मला आईशी खूप बोलायचं होतं. तिला विचारायचं होतं, खोत्सो कसा दिसत होता, कुणासारखा. मी कुशीवर वळले.

आई भिंतीला टेकून झोपली होती. तोंड थोडं उघडं, डोक्यावरचा रुमाल एका कानावर घसरलेला. कामोहेलो तिच्या दोन्ही हातांच्या विळख्यात होती, तीही झोपलेली. पलीकडे मा-सेचाबा काहीतरी ओरडायच्या बेतात होती. मी तिला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं.